देवरावभाऊंचे पाच वॅट

बातमी फोनवर आली. दुपारचे साडेचार झाले असतील. वैशालीचा नंबर दिसला म्हणून उचलला, आणि ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय वं, पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. मला 'बाबा' एवढाच शब्द कळला. मी वैतागून म्हटलं, "लाइन खराब आहे, जोरानं बोल." मग त्या पोरीनं, जिच्या पोटात सकाळपासून पाण्याचा घोट गेला नव्हता, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगितलं, "आत्या, बाबा गेले." बाप गेल्याचं मी तिला तीन वेळा सांगायला लावलं. लाइन खराब नव्हती. माझे कान खराब आहेत, दोन वर्षांपासून आहेत, आणि ही गोष्ट परवापर्यंत मी कोणाला म्हणजे कोणाला सांगितली नव्हती. देवरावभाऊंना जाऊन आता सात आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्याबद्दलचं खरं मात्र मलाच लिहावं लागेल, आणि ते लिहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक ओळ लिहायचा मला अधिकार नाही.

आमची ओळख रेडिओवरची. आम्ही दोघंही हौशी रेडिओवाले, आमच्या भाषेत 'हॅम'. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स मिळवायचं, ज्यातून बोलताही येतं आणि ऐकताही येतं असा सेट घरी ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि दूरदूरच्या लोकांशी बोलत बसायचं. मोबाइल असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. मी उत्तर देत नाही. ज्याला हे विचारावं लागतं त्याला सांगून कळत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, हेडफोन चढवूनच माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर कान रिकामे ठेवणं जमेना म्हणून या नादाला लागले. इतवारीत सराफ्याच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर माझं घर. खाली दिवसभर हातगाड्या आणि टेंपोंची भांडणं, वर गच्चीवर माझी तार. रोज सकाळी सातला आमच्या विदर्भातल्या मंडळींची हजेरी घ्यायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. एकेकाला पुकारायचं, त्याचं ऐकायचं, आणि त्याचा आवाज कसा येतो ते त्याला सांगायचं. या सांगण्याला रिपोर्ट म्हणतात.

रिपोर्ट दोन आकड्यांचा असतो. पहिला पाचपैकी, शब्द किती कळतात त्याचा. दुसरा नवापैकी, आवाज किती जोरात येतो त्याचा. सगळं उत्तम असेल तर पाच-नऊ, म्हणजे 'फाइव्ह नाइन'. आता गंमत अशी, की आमच्या जगात ज्याला त्याला फाइव्ह नाइनच मिळतो. समोरच्याचं अक्षर कळत नसलं तरी माणूस म्हणतो, "फाइव्ह नाइन, आणि तुमचं नाव जरा पुन्हा सांगा." ती रीत आहे. जेवायला बोलावलेला पाहुणा भाजी अळणी आहे असं म्हणत नाही, तशी. मला या रीतीची भारी चीड होती. मला जसं ऐकू येई तसं मी सांगायची. एका निवृत्त साहेबांना मी भर हजेरीत दोन-एक दिला तर ते आठवडाभर रुसून बसले. देवरावभाऊंना मात्र माझं हे फार आवडायचं. ते सगळ्यांना सांगायचे, "ताईचा रिपोर्ट म्हंजे कोर्टाचा कागद हाय. बाकीचे फाइव्ह नाइन प्रसादासारखे वाटते. ताईचा कमवा लागते."

भाऊ मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरातले. लहानपणी त्यांनी वडिलांच्या मागाला कांड्या भरून दिल्या होत्या, म्हणजे विणायचं सूत गुंडाळून दिलं होतं. पुढे माग गेले, भाऊ आयटीआय शिकून कळमेश्वरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण बोटं कोष्ट्याचीच राहिली. तारेसाठी कॉइल गुंडाळायची असली की आमच्यातले इंजिनियर लोक वेढे मोजतात, चुकतात, पुन्हा सोडवतात. भाऊ माझ्या ओट्याशी बसून बायकोच्या, म्हणजे पुष्पावहिनींच्या, तक्रारी सांगता सांगता, खाली न बघता, साठ वेढे घालायचे आणि ते साठच असायचे. माझ्या गच्चीवर आजही त्यांनीच गुंडाळलेली कॉइल आहे. पुष्पावहिनी गेल्या तेव्हा ते आठ महिने सेटवर आले नाहीत. मी रोज हजेरीत त्यांना पुकारायची, थांबायची, पुढच्या नावाकडे जायची. मग एका सकाळी ते स्वतःच दारात उभे राहिले आणि चपला काढता काढता म्हणाले, "ताई, मी वैशालीजवळ राहायले जाऊन राहिलो."

वैशाली त्यांची एकुलती मुलगी, नर्स. सातपुड्याच्या पायथ्याशी जंगलातल्या एका गावात सरकारी उपकेंद्र आहे, ती तिथं असते. दोन खोल्या, त्यांतली एक बाळंतिणींची. वीज असली तर असली. मोबाइलला रेंज नाही. फोन लावायचा तर मागची टेकडी चढावी लागते, तासाभराची चढण. पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद. गावची माणसं दोर बांधून आजाऱ्याची खाट नाल्यापलीकडे नेतात, त्यांना त्याची सवय आहे, पण पलीकडे गाडी येऊन उभी असायला हवी, आणि गाडीला सांगायचं कसं हाच प्रश्न. "तिथं सेट पाहिजे, ताई," भाऊ म्हणाले. "बिजली नसली तरी चालन असा. सकाळी आठले तुम्ही इथं, मी तिथं. काही झालं त तुम्ही इथून फोन करान, गाडी नाल्यावर येऊन उभी राहीन." आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात उद्याचं काहीतरी होतं. कोणता सेट घ्यावा, हे ठरवायला ते माझ्याकडे आले होते.

पुढचे तीन महिने आम्ही दुसरं काही बोललोच नाही. निवड दोघांतच होती. एक सेट पाच वॅटचा, शाळेच्या डब्याएवढा. दुसरा पन्नास वॅटचा, आवाज दहापट. लहान सेट छोट्या बॅटरीवर आणि हातभर सोलर पॅनेलवर दिवस काढेल. मोठ्याला नुसतं ऐकत बसायलासुद्धा चौपट वीज, म्हणजे बॅटरी मोठी, पॅनेल मोठं, आणि चार दिवस ऊन पडलं नाही की तो आधी मान टाकणार. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर भाऊंनी रेघ मारून दोन रकाने केले होते. पण त्यांना कागदावरचे आकडे पटत नसत. त्यांनी दोन्ही सेट मित्रांकडून उसने आणले आणि एका दुपारी सगळा पसारा, बॅटऱ्या, पॅनेलं, तारेची भेंडोळी, माझ्या घराखालच्या धान्याच्या दुकानात काट्यावर नेऊन ठेवला. शेठनं विचारलं, "काकाजी, क्या तोल रहे हो?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "आवाज." लहान सगळं मिळून पावणेतीन किलो भरला. मोठा साडेबारा.

मी म्हटलं, "मोठाच घ्या. आवाज पोचायला हवा." ते म्हणाले, "खोलीतच ठेवाचा असता त मोठाच घेतला असता, ताई. पण उद्या पाड्यावर बाई अडली, वैशाली निघाली, त मी संगं सेट घेऊन जाईन ना. साडेबारा किलो घेऊन या वयात नाला वलांडू काय?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण पोचत नसन त मोठा घेईन. हमाल लावीन, काही करीन. आता तुमच्या कानावर हाय. तुम्ही सांगान तो घेतो."

तुमच्या कानावर हाय... हे वाक्य मी आता दिवसातून कितीदा ऐकते ते विचारू नका. त्यासाठी कान लागत नाहीत.

एकदा कन्हानच्या पुलापाशी नदीकाठी बसून त्यांनी दोन्ही सेट चालवून पाहिले. दोन्ही खणखणीत आले, पण एवढ्या जवळून त्याला काही अर्थ नव्हता. खरी चाचणी वैशालीच्या गावातून झाली. सकाळी आठ वाजता मी हेडफोन चढवून बसले. आधी मोठा सेट. शब्द न शब्द कळत होता. मी चार-सात दिला, आणि तो खरा होता. मग भाऊ म्हणाले, "आता लहान." आणि खरखर आली. त्या खरखरीत, भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसं, माणसाचं बोलणं होतं. बोलणं आहे एवढं कळत होतं, शब्द एकही कळत नव्हता. मी बटणं फिरवली. डोळे मिटले. पलीकडचं बोलणं प्रश्नाच्या चालीवर वर गेलं आणि थांबलं. लहान कसा येते, हेच विचारलं असणार.

खरं उत्तर फार तर दोन-तीन होतं. पण गेले काही महिने हजेरीतले लोक दबक्या आवाजात बोलू लागले होते, की ज्याचा आवाज आपल्याला स्पष्ट येतो त्यालासुद्धा ताई हल्ली कमी रिपोर्ट देतात. मी इतवारीतल्या दुकानांच्या दिव्यांवर आणि ई-रिक्षांच्या चार्जरवर खापर फोडत होते, त्यांच्यामुळे सेटवर फार खरखर येते म्हणून. आतून मला ठाऊक होतं. दारावरची बेल मला ऐकू येत नव्हती. कुकरच्या शिट्ट्या मी मोजायची सोडून दिल्या होत्या. मी दोन-तीन म्हटलं असतं आणि दुसऱ्या कोणाला भाऊ स्वच्छ ऐकू आले असते, तर सगळं उघडं पडलं असतं. ऑपरेटरचे कान गेले. मग हजेरी दुसरा कोणी घेणार, आणि मी सकाळी उठून करणार काय? मी बटण दाबलं आणि म्हणाले, "फाइव्ह नाइन, भाऊ."

आयुष्यात दिलेला पहिला खोटा रिपोर्ट. पलीकडे काय झालं ते मला वैशालीनं नंतर सांगितलं. भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. "पाच वॅटमंदी फाइव्ह नाइन," ते म्हणाले, "अन् तोही ताईचा." वहिनी गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले. वैशालीच्या औषधाच्या कपाटातली पांढरी चिकटपट्टी कापून त्यांनी सेटच्या कपाळावर लावली आणि निळ्या पेननं तिच्यावर लिहिलं, 'ताई ५९'. मोठा सेट ज्याचा होता त्याला परत गेला, लहान त्यांनी विकत घेऊन टाकला. पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःची समजूत घालत होते, की त्यांनी ते साडेबारा किलो उचलू नयेत म्हणूनच मी तसं म्हणाले. हे खोटं आहे. त्या क्षणी मी त्यांचा विचारच केला नाही. मी माझ्या इभ्रतीचा केला.

मग रोज आठचा आमचा नेम सुरू झाला. ऐकू न येणाऱ्या माणसाला युक्त्या फार लवकर जमतात. मी स्वतःच जास्त बोलायची, म्हणजे ऐकावं कमी लागे. मधून मधून "हो ना", "बरोबर", "वा, वा". सेटला एक तार लावून मी ती फोनला जोडली होती; सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड व्हायचं. मग दार लावून आवाज मोठा करून मी तेच तेच चार-पाच वेळा ऐकायची आणि जे लागेल ते रजिस्टरमध्ये लिहायची. रजिस्टर अगदी व्यवस्थित. कोणाच्या बापाला शंका आली नसती. हवा चांगली असली की एखाद्या दिवशी मला थेट ऐकू यायचं, आणि मग दिवसभर मी गाणी गुणगुणायची. एकदा तर खरंच काम झालं. 'गाडी' आणि 'नाला' हे दोन शब्द मला लागले, मी फोन केला, गाडी पोचली, अडलेली बाई सुटली, मुलगी झाली. भाऊ आठवडाभर माझे गोडवे गात होते. मला वाटलं, चालतंय की. चालतंय असं वाटलं म्हणूनच मी कानाच्या डॉक्टरकडे गेले नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली ती सकाळ. आठला मी पुकारलं. खरखर. पुन्हा पुकारलं. खरखर. आदल्या दिवशी ते दहा मिनिटं उशिरा आले होते, त्यामुळे मी आधीच रागानं भरलेली होते. म्हणाले, "देवरावभाऊ, झोपले काय आज? आम्ही इथं म्हातारपणी आंघोळ करून आठच्या ठोक्याला बसतो, अन् तुमचा पत्ता नाही." थांबले. खरखर. "काहून गा भाऊ, मीच रिकामी हाय काय इथं?" अशी वीस मिनिटं मी त्यांना बोलत होते. शेवटी म्हणाले, "आज रिपोर्ट नाही, काही नाही. मी चालली पोळ्या लाटायला." रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'आले नाहीत' लिहिलं, हेडफोन टेबलावर आपटला आणि स्वयंपाकघरात गेले. रागाच्या भरात सेट बंद करायचा राहिला. सव्वानऊला पोळ्या झाल्यावर आले, सेट बंद केला, फोनची तार काढली. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी ऐकलंसुद्धा नाही. काही नव्हतंच तर ऐकायचं काय?

पलीकडे काय चाललं होतं ते वैशालीनं मला तेराव्याला सांगितलं. तिनं ते सहज सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, हेच मला सोसत नाही. त्या सकाळी सव्वासातला भाऊंच्या छातीत कळ आली. तिनं द्यायची ती गोळी दिली, त्यांना निजवलं. नाला भरलेला होता. साडेसातलाच ती टेकडीवर माणूस पाठवत होती, तर भाऊ म्हणाले, "पावसाचं कोणाले काहून धाडते? आठ वाजून राहिले. ताई ऐकते." त्यांनी सेट पलंगाशी ओढून घेतला. माझा सेट मोठा, तार उंच, माझा आवाज त्यांना खणखणीत जात होता. मी "झोपले काय" म्हटलं ते त्यांनी ऐकलं आणि उत्तर दिलं. मी त्यांच्या उत्तरावरच पुन्हा ओरडले. त्यांनी पुन्हा उत्तर दिलं. वैशाली म्हणाली, "बाबा, आत्याले जाऊन नाही राहिलं. दुसऱ्या कोणाले लावा, नाही त मी माणूस धाडतो." ते म्हणाले, "जाते. फाइव्ह नाइन जाते. तिकडं काही गडबड असन. येईन ती." मग वैशाली माणसं बघायला बाहेर जाऊन आली, तेव्हा मी पोळ्या लाटायला गेले हे ते हसून सांगत होते म्हणे. "ताई भडकली आज. पोळ्या झाल्या की येते." सव्वानऊ झाले तेव्हा वैशालीनं त्यांचं ऐकणं सोडलं आणि माणूस पाठवला. तो साडेदहाला टेकडीवर पोचला. गाडी नाल्यापलीकडे आली तेव्हा साडेबारा वाजले होते. भाऊ साडेअकराला गेले.

मी आठला फोन केला असता तर गाडी दहाला नाल्यावर असती. डॉक्टरांनी वैशालीला सांगितलं, की वेळेवर आणलं असतं तरी नक्की काही सांगता येत नाही. धीर द्यायला लोक असं बोलतात. मला त्यानं धीर येत नाही. दहा आणि साडेअकरा यांच्यामध्ये दीड तास आहे, आणि मी रोज त्या दीड तासात जगते. त्याच दिवशी वैशाली आणखी एक गोष्ट बोलून गेली. "बाबा त्या सकाळी सांगत होते, आत्या, की महिन्याआधीच तुम्हाले म्हटलं होतं, छातीत कळ येऊन राहिली म्हणून. त तुम्ही म्हटलं, वा, वा. बाबा म्हणे, ताई मस्करी करते." ती हे सांगताना थोडं हसली. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

आमच्यात एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या नेहमीच्या वेळेला त्याला तीनदा पुकारायचं आणि एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. ते काम हजेरी घेणाऱ्याचं, म्हणजे माझं. मी पुकारलं. नंतर सगळे म्हणाले, ताई, ती शांतता काळीज चिरून गेली. मी त्या मिनिटात काय ऐकलं? तेच, जे ते जिवंत असताना त्या सकाळी ऐकलं होतं. दोन्हीत मला काही फरक कळला नाही.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये तसंच होतं. मी ते किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. आवाज मोठा करून, हेडफोन कानावर दाबून, उशीत तोंड घालून. माझा स्वतःचा आवाज मध्येच येतो, चिडलेला, भांडखोर. बाकी खरखर. एक तर पाच वॅट पोचलेच नव्हते, आणि माझ्या खोट्या रिपोर्टनं त्यांच्या हातात तो सेट ठेवला. नाही तर पोचले होते, आणि ते माझ्या कानात बोलत असताना मी पोळ्यांच्या गोष्टी करत होते. दोन्ही बाजूंनी मीच. यातलं कोणतं, हे कळायला एखादा चांगला कान हवा होता, आणि कोणाला ते ऐकवायची माझी हिंमत नव्हती.

परवा वैशाली आली. रजा संपली होती, गावी परत चालली होती. खांद्यावरच्या झोळीतून तिनं सेट काढून टेबलावर ठेवला. कपाळावर ती पट्टी, कडा मळलेल्या, 'ताई ५९'. ती म्हणाली, "आत्या, मी हॅमची परीक्षा देऊन राहिली. लायसन्स आलं की मीच बोलत जाईन आठले. फक्त एक सांगा, हा सेट पोचते ना नीट? का मोठा घेऊ? दुसऱ्या कोणाले नाही विचारत मी. तुमचा रिपोर्ट खरा असते."

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, चाचणीचा दिवस, रेकॉर्डिंगच्या युक्त्या, "वा, वा". सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, सेटकडे बघत होते. ती मध्ये काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही. वर बघितलं तेव्हा तिचे ओठ हलले. मी म्हटलं, "पुन्हा सांग." ती म्हणाली, "मंग बाबा रोज बोलत कोणाशी होते?"

ती उठेल आणि जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या दिवशीचं हाय काय तुमच्याजवळ?" मी फोन जोडून हेडफोन तिच्यापुढे ठेवला. तिनं तो कानावर चढवला, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मिनिट गेलं असेल नसेल, तिचा हात तोंडावर गेला.

"हाय," ती म्हणाली. "बाबा हायत, आत्या."

पाच वॅट पोचले होते. बारीक, खरखरीच्या तळाशी, पण शब्द न शब्द पोचला होता. भाऊंची निवड बरोबर होती. तीन महिने आम्ही दोघांनी बॅटरी तपासली, तार तपासली, पॅनेल तपासलं, सगळं काट्यावर तोललं, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं ते माझे कान तपासायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं होतं... मी ते दाबलं. वैशाली डोळे मिटून ते बोलतील तसं बोलू लागली. "ताई, मी हाय. ताई, कळ येऊन राहिली. गाडी पाठवा. ताई, मी इथंच हाय." माझा हात आपोआप पेनाकडे गेला, एक्स्चेंजमध्ये जायचा तसा, आणि मी लिहून घेऊ लागले. मध्येच ती थांबली. हात वर करून मला थांब म्हणाली, जसं काही मी आवाज करत होते. त्या सकाळी या क्षणी ती खोलीत नव्हती, खाट उचलायला माणसं गोळा करायला बाहेर गेली होती. पुढचं तिनंही कधी ऐकलेलं नव्हतं.

"तुम्ही म्हटलं, आज रिपोर्ट नाही, काही नाही," ती म्हणाली. "त्याच्यावर बाबा म्हणते..." तिनं रेकॉर्डिंग मागे घेऊन तेवढंच पुन्हा लावलं. मी वाट बघितली. "बाबा म्हणते, माझ्याकडून त लिहून घ्या, ताई. तुमचा फाइव्ह नाइन."

आणि तो खरा होता.

पुढचं तिनं हेडफोन न काढता शेवटपर्यंत ऐकलं. मग ते रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये घेतलं. चहाला हात लावला नाही. सेट झोळीत घातला, पट्टीसकट. सेट चांगला आहे, तोच वापरणार म्हणाली, पण ऐकायला दुसरं कोणी बघावं लागेल. मी हो म्हटलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तिनं म्हणावं असं मला वाटतही नाही. दारातून "येतो" म्हणाली की नाही ते मला कळलं नाही.

हजेरी मी सोडली आहे. कारण सगळ्यांना सांगितलं आहे, आता तुम्हालाही. आठ वाजले की अजून खुर्चीत बसते, रजिस्टर उघडते. त्या दिवसाच्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आले नाहीत'. त्यावर रेघ मारून मी खाली लिहिलं आहे: आठला आले. मी सेट बंद करेपर्यंत बोलत होते.